मोटारीतला रेडिओ आणि कायद्यातला एक शब्द

रेडिओचा नॉब फिरवताना आत काय होते, हे तुम्ही कधी पाहिले आहे का? एखादा जुना, बंद पडलेला संच मिळाला तर जरूर उघडा. नॉबच्या दांड्याला अर्धगोल पत्र्यांचा एक जुडगा बसवलेला असतो. तो दुसऱ्या, स्थिर पत्र्यांच्या फटींत शिरतो किंवा बाहेर येतो. रेडिओ दुरुस्त करणारे त्याला ‘गँग’ म्हणतात; पुस्तकातले नाव बदलते धारित्र. हा निरुपद्रवी जुडगा मोटारीत जरा जास्त बाहेर सरकवता आला, तर अमेरिकेतील काही राज्यांत तो गुन्ह्याचा विषय होऊ शकत असे.

१९२८ साली डेट्रॉइटच्या पोलिसांनी गस्तीच्या मोटारींत रेडिओग्राहक बसवले. शिपायांना फक्त ऐकता येई, उत्तर देता येत नसे. १९३० नंतरच्या काळात तेथील करमणुकीची केंद्रे सुमारे १५०० किलोहर्ट्झपर्यंत होती आणि अनेक शहरांची पोलिस केंद्रे त्याच्या जरा वर, १७०० किलोहर्ट्झच्या आसपास. आता हिशेब करा. अनुनादी मंडलाची वारंवारता धारकतेच्या वर्गमुळाशी व्यस्त प्रमाणात असते. १५०० वरून १७०० वर जायचे तर धारकता (१५००/१७००)² पट, म्हणजे सुमारे ०.७८ पट करावी लागेल. बावीस टक्के घट, एवढेच! कित्येक घरगुती संचांत तेवढी सोय मुळातच असे. नसेल तेथे थोडी खटपट पुरे. तरंगाला पोलिस कोण आणि चोर कोण हे कळत नाही. तो दोघांच्याही एरियलवर सारखाच पोचतो.

घरात बसून कोणी पोलिसांचे बोलणे ऐकले, तर शेजाऱ्याला सांगण्यापलीकडे तो काय करणार? पण पळणाऱ्या मोटारीत तोच संच असला, तर कोणता रस्ता टाळायचा हे चोराला आधीच कळते. म्हणून कायद्याने वाहनावर बोट ठेवले. मिशिगनच्या १९३१ च्या दंडसंहितेत असे कलम होते. ते पुढे पुष्कळ सैल झाले. न्यूयॉर्क राज्याच्या वाहनकायद्यातले ३९७ वे कलम मात्र अजून आहे: पोलिसांच्या वारंवारतेवरील संकेत घेण्यास समर्थ असा ग्राहक परवान्यावाचून मोटारीत बसवला, तर एक हजार डॉलरपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. वीजी या नावाने गाजलेल्या वृत्तछायाचित्रकाराने १९३८ मध्ये असा परवाना मिळवला होता, आणि घटनास्थळी तो इतरांच्या आधी हजर होई. (आपल्याकडे १९३३ चा बिनतारी कायदा याहून कडक. तेव्हा घरच्या रेडिओलाही पोस्टात शुल्क भरून परवाना घ्यावा लागे. आजोबांच्या ट्रंकेत ते पुस्तक अजून असेल.)

‘समर्थ’ हा शब्द नीट पाहा. गुन्हा ऐकण्याचा नाही, ऐकता येण्याचा आहे. वकिलाला हा शब्द सोपा वाटत असेल, पदार्थविज्ञानाच्या माणसाला तो अवघड वाटतो.

नंतर स्कॅनर आले. स्कॅनर म्हणजे आपला नॉब आपणच फिरवणारा ग्राहक. तो एका वारंवारतेवर क्षणभर थांबतो; तेथे तरंग नसेल तर पुढच्या वारंवारतेवर उडी मारतो, असेल तर तेथेच मुक्काम करतो. सुरुवातीच्या स्कॅनरांत प्रत्येक वारंवारतेसाठी क्वार्ट्झचा वेगळा स्फटिक खोचावा लागे. म्हणजे पोलिसांचा स्फटिक आहे की नाही, हे संच उघडून दाखवता येई. पुढे एकाच स्फटिकापासून हव्या त्या वारंवारता तयार करणारी मंडले आली आणि स्फटिकाची जागा स्मृतीतल्या आकड्याने घेतली. आकडा एका क्षणात घालता येतो, एका क्षणात पुसताही येतो. मग संच समर्थ केव्हा म्हणायचा?

यात हौशी बिनतारीवाले नाहक सापडले. अमेरिकेत त्यांचा एक पट्टा १४४ ते १४८ मेगाहर्ट्झचा, पण बाजारातले पुष्कळ संच त्याच्या वरचेही, १७४ पर्यंत ऐकू शकतात आणि पोलिसांची बरीच केंद्रे नेमकी तेथे. पूर व वादळाच्या वेळी हीच मंडळी मोटारीतून संदेश पोचवतात. त्यांचेच संच जप्त होऊ लागले तर कसे? अखेर १९९३ मध्ये तेथील संघीय दळणवळण आयोगाने ठरवले की, परवानाधारक हौशी व्यक्तीचा संच केवळ जास्त ऐकू शकतो म्हणून राज्यांना तो गुन्हा ठरवता येणार नाही. मला हा निर्णय शहाणपणाचा वाटतो.

२०२३ पासून न्यूयॉर्क शहराच्या पोलिसांनी आपले बोलणे टप्प्याटप्प्याने कूटबद्ध करायला घेतले आहे. आवाजाचे आकडे होतात, ते गुप्त किल्लीने उलटेसुलटे केले जातात आणि मग तरंगावर चढतात. स्कॅनरला तरंग पूर्वीसारखाच सापडतो, पण शब्द एकही कळत नाही. वार्ताहरांनी यावर तक्रारी केल्या. मोटारीतल्या अशा संचाचे काय? कलमात ‘बोलणे’ नाही, ‘संकेत’ आहेत. आणि संकेत तर तो अजूनही घेतोच.