धनंजयचा वारसा

ऐंशीच्या दशकातली पुण्याजवळची सांगवी म्हणजे मुळा आणि पवना या दोन नद्यांच्या मधलं, निम्मं शेतकऱ्यांचं, निम्मं कामगारांचं गाव. कुणी एच.ए.त (हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये), कुणी टेल्कोत, कुणी खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत. सेकंड शिफ्ट करून आलेली माणसं डोळा लागेपर्यंत रहस्यकथा वाचत आणि दुसऱ्या दिवशी ते पुस्तक शेजारच्या घरी जाई.

त्या वाचनाचा पाया बाबूराव अर्नाळकरांनी घातला होता. हजारावर रहस्यकथा लिहिलेल्या या माणसाने झुंजार आणि काळा पहाड घरोघरी पोचवले. मला मात्र त्यांचा धनंजय जवळचा वाटतो. खासगी डिटेक्टिव्ह आणि सोबत छोटू, ही जोडी होम्स-वॉटसनच्याच घराण्यातली. पुढे पुण्याच्या सुहास शिरवळकरांनी फिरोज इराणी, मंदार पटवर्धन, अमर विश्वास, दारा बुलंद आणले. भाषा चटपटीत झाली, वेग वाढला. पोरं त्यांच्यावर फिदा होती, आणि ते योग्यच होतं.

पण या वेगात एक गोष्ट मागे पडली. ती कोणती, ते होम्सच्याच एका कादंबरीत दिसतं. कॉनन डॉयलची ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’ १९०१-०२ मध्ये ‘स्ट्रँड’ मासिकात क्रमशः आली. तिची सुरुवात खुनाने होत नाही. होते ती कुणीतरी विसरून गेलेल्या काठीने. वॉटसन ती काठी पाहून मालकाबद्दल आडाखे बांधतो आणि बरेचसे चुकतात. होम्स काठीच्या मध्यावरच्या दातांच्या खुणा पाहतो. दोन खुणांमधलं अंतर टेरियरसाठी जास्त, मॅस्टिफसाठी कमी. म्हणजे मालकाचा कुत्रा मध्यम आकाराचा. पिस्तूल नाही, पाठलाग नाही, तरी पान सोडवत नाही. पुढे तर कित्येक प्रकरणं होम्स दिसतच नाही. डार्टमूरच्या माळरानावरून वॉटसनची पत्रं आणि डायरीच गोष्ट पुढे नेतात. नायकाला इतका वेळ दूर ठेवायला लेखणीत धमक लागते.

आपल्या रहस्यकथेने मारामारी आणि वेषांतर भरभरून घेतलं, निरीक्षणाचा हा संथ आनंद कमी घेतला. महिन्याला नवनवी पुस्तकं हातावेगळी करणाऱ्या लेखकाला काठीपाशी इतकं रेंगाळायला सवड कुठली? तरीही मराठी कामगाराला वाचनाची गोडी लावली ती याच पुस्तकांनी. समीक्षेने त्यांना दारात उभं केलं नाही, हा अन्यायच.

शिरवळकर २००३ मध्ये गेले. सांगवीत शेतांच्या जागी सोसायट्या आल्या. घर बदलताना माळ्यावर धनंजय किंवा फिरोज सापडला, तर रद्दीत घालू नका. जवळच्या वाचनालयात नेऊन द्या.