वाय-फाय रुसले? आधी घरात पाहा!

२०२० च्या टाळेबंदीत कचेरी आणि शाळा दोन्ही घरात आल्या. तेव्हापासून वाय-फाय ऐन वेळी बंद पडले की घरात एकच गडबड उडते, नाही का? पण मैत्रिणींनो, माणूस बोलावण्याआधी दोष कुठे आहे ते बघा.

राउटर बंद करून मिनिटभराने सुरू करा. तरी अडखळते? मग राउटरपासून कॉम्प्युटरला थेट वायर जोडा. वायरवरही अडले, तर दोष बहुधा लाइनचा किंवा राउटरचा. तक्रार करताना तसे सांगा. वायरवर सुरळीत चालले, तर गोम घरातच!

सदाशिव पेठेतल्या वाड्याची जाड भिंत काय किंवा कोथरूडच्या फ्लॅटचे काँक्रीट काय, दोन्ही लहरी अडवतात. लोखंडी कपाटही तसेच. म्हणून राउटर घराच्या मध्यावर, उंच आणि मोकळ्या जागी ठेवावा.

मायक्रोवेव्ह लावताच अडते? त्याच्या आणि वाय-फायच्या लहरी २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच असतात. सोय असल्यास कॉम्प्युटर ५ गिगाहर्ट्झवर जोडा. मात्र या लहरी भिंतीपलीकडे कमी पोचतात.

आणि लेकीची परीक्षा किंवा तुमची स्वतःची मुलाखत असेल, त्या दिवशी सरळ वायरच जोडा. तिला भिंत आड येत नाही!