झाडाचा दगड होतो म्हणजे काय?

झारखंडातील राजमहाल टेकड्यांत मिळणारी डायनोसॉरकालीन लाकडे पाहून खुद्द लाकूडच पालटून दगड झाले, असा समज सर्रास होतो. वस्तुतः अश्मीभवन (जीवावशेषांत खनिज साठणे) म्हणजे, आवळ्याच्या फोडीत पाक मुरावा तद्वत, गाडलेल्या लाकडाच्या पेशींत पाण्यात विरघळलेली सिलिका (वाळूतील प्रमुख द्रव्य) झिरपून घट्ट होणे. पेशींची रचना अशी टिकल्यामुळेच याच टेकड्यांतील निपनिया येथील नमुन्यांचे पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यासून पुरावनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनींना १९४८ साली ‘पेंटॉक्सिली’ या लुप्त वनस्पतिगटाचे वर्णन करता आले, ही माझ्या मते भारतीय विज्ञानातील अत्यंत अभिमानास्पद कामगिरी होय. असा अभ्यास पुढेही व्हावा म्हणून जीवाश्म-संग्राहकांस आग्रहाची विनंती, की प्रत्येक नमुन्याचे स्थळ, थर व तारीख दप्तरी नोंदवावी. ठावठिकाणा हरवलेला नमुना पुरावा म्हणून फारसा उपयोगी पडत नाही.