विलाच्या पेशी

१९८१ साली अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात, मीटीत्सी गावाजवळ, एका पशुपालकाच्या कुत्र्याने मुंगसासारखा लांबट प्राणी मारून घरापाशी आणला. तो काळ्या पायांचा फेरेट होता. ही जात नामशेष झाली, असेच तोवर सगळे धरून चालले होते. शोध घेतल्यावर तिथे एक वस्ती सापडली. पण साथींनी तीही ओसरू लागली. उरलेले अठरा फेरेट पकडून बंदिवासात आणले. त्यांतल्या सातांचाच वंश चालला, त्यामुळे आजचे काळ्या पायांचे जवळपास सारे फेरेट एकमेकांचे जवळचे नातलग आहेत.

अठरांतली विला ही मादी १९८८ मध्ये मेली. तिचा वंश उरला नाही, पण राज्याच्या वन्यजीव खात्याने तिच्या ऊतींचे नमुने सॅन डिएगोच्या 'फ्रोझन झू' या गोठवलेल्या पेशींच्या संग्रहाकडे पाठवले होते. कर्ट बेनिर्श्के या रोगशास्त्रज्ञाने हा संग्रह १९७२ मध्ये सुरू केला, म्हणजे क्लोनिंगने डॉली मेंढी जन्मण्याच्या चोवीस वर्षे आधी. या पेशींचे पुढे काय होणार, हे ठाऊक नसताना त्या जपणाऱ्या माणसाबद्दल मला अपार आदर वाटतो.

पेशी गोठवून जपण्याचे काम चिकाटीचे आहे. कातडीचा ताजा तुकडा पोषक द्रवात ठेवला की पेशी वाढतात. गोठताना बर्फाचे स्फटिक त्यांना फाडतात, म्हणून संरक्षक रसायन घालून तापमान हळूहळू उतरवतात. मग उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये त्या ठेवतात. नायट्रोजन सतत उडतो, तो कोणालातरी वर्षानुवर्षे भरत राहावा लागतो.

१० डिसेंबर २०२० रोजी पाळीव फेरेटच्या पोटी विलाची क्लोन, एलिझाबेथ ॲन, जन्मली. आजच्या फेरेटांच्या तिप्पट वेगळी जनुकीय रूपे विलाच्या पेशींत आढळली होती. एलिझाबेथ ॲनला पिल्ले झाली नाहीत. दुसरी क्लोन अँटोनिया २०२४ मध्ये व्याली आणि तिची दोन पिल्ले जगली. विलाच्या पेशीचे केंद्रक ज्यात घातले ते बीजांड पाळीव फेरेटचे असल्याने क्लोनमधली मायटोकाँड्रियाही (पेशीतले, स्वतःची जनुके असलेले ऊर्जाघटक) त्याचीच असते. ती आईकडूनच पुढे जाते, म्हणून क्लोनच्या नर पिल्लांची संतती वाढवली की हा परका अंश गळतो. फेरेटांना मारणारा प्लेग मात्र माळरानावर अजून आहे, आणि फेरेट ज्यांवर जगतात ते प्रेअरी डॉगही (खारीच्या कुळातले, बिळांत राहणारे प्राणी) त्याला बळी पडतात.

आपल्याकडे गावोगाव कृत्रिम रेतन करणाऱ्यांच्या कंटेनरमध्येही हाच नायट्रोजन असतो. पण रेतमात्रेतल्या प्रत्येक शुक्राणूत वळूची निम्मीच जनुके असतात; कानाच्या चिमूटभर कातडीतल्या प्रत्येक जिवंत पेशीत जनावराचा पूर्ण संच असतो. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोत रेताबरोबर अशा पेशीही जपतात, आणि हैदराबादची 'लॅकोन्स' प्रयोगशाळा वन्यप्राण्यांसाठी असेच काम करते.

माझा आग्रह नमुने कोणाचे घ्यावेत, याबद्दल आहे. रेतासाठी निवडक वळूच घेतले जातात. मोजक्या बापांची हजारो वासरे होतात आणि जात आतून अरुंद होते. अकोले-इगतपुरीच्या मुसळधार पावसात तेलकट कातडीमुळे टिकणारी डांगी गाय घ्या. तिचे नमुने प्रदर्शनात बक्षीस मिळवणाऱ्या वळूंपुरते न राहता, वाड्यावाड्यांवरच्या, कमी दूध देणाऱ्या, कोणी न निवडलेल्या गाईंचेही हवेत. आणि तेही कळप अजून मोठे असताना.