भोकांचं कार्ड आणि खानेसुमारी

रद्दीवाल्याकडून घेतलेल्या संख्याशास्त्राच्या एका जुन्या पुस्तकात परवा एक पिवळट कार्ड सापडलं. कुणीतरी ते पानात खूण म्हणून ठेवलेलं. वीतभराला थोडं कमी, एक कोपरा तिरका छाटलेला, अंगभर बारीक उभट भोकं. मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीनं वाण्याची यादी: तूरडाळ, गूळ, काडेपेट्या. घरात ते फिरलं आणि जेवढी माणसं तेवढी मतं निघाली. कुणी म्हणालं, हे कॉम्प्युटरसाठी काढलं. कुणी म्हणालं, ही हातमागावरच्या कार्डांची नक्कल. एकानं ठासून सांगितलं, की भोक म्हणजे एक आणि भोक नाही म्हणजे शून्य.

या शेवटच्या मताचा निकाल आधी लावू, कारण त्यासाठी कार्ड उजेडासमोर धरलं की पुरे. कार्डावर ८० उभे रकाने आहेत आणि प्रत्येक रकान्यात वरून खाली १२ जागा. खालच्या दहा जागा शून्य ते नऊ या अंकांच्या. सात लिहायचा तर सातच्या जागी एकच भोक, बस्स. हा आपला नेहमीचा दशमान हिशोब आहे. अक्षर लिहायचं तर एका रकान्यात दोन भोकं लागतात. रोमन लिपीत ‘पुणे’ लिहायला चार रकाने खर्ची पडतात. ‘पी’साठी वरून दुसरी जागा आणि सात, ‘यू’साठी शून्य आणि चार, ‘एन’साठी पुन्हा दुसरी जागा आणि पाच, ‘ई’साठी सगळ्यात वरची जागा आणि पाच. भोक कुठे आहे याला अर्थ आहे. एक-शून्याचं गणित इथे कुणाच्या मनातही नव्हतं.

माझ्या हातातला हा नमुना आयबीएमनं १९२८ मध्ये आणलेला. मूळ कार्ड त्याहून जवळजवळ चाळीस वर्षांनी थोरलं. त्याची भोकं गोल होती, रकाने २४, आणि त्यावर छापलेलं काहीच नव्हतं. कॉम्प्युटर नावाचं यंत्र तेव्हा पन्नास-साठ वर्षं लांब होतं. कार्ड निघालं ते खानेसुमारीसाठी.

अमेरिकेत दर दहा वर्षांनी शिरगणती करणं राज्यघटनेनंच बंधनकारक आहे. १८८० साली लोकसंख्या पाच कोटींवर गेली आणि कारकुनांच्या हातांचं गणित चुकू लागलं. पद्धत साधी होती. गणनापत्रकं पुढ्यात घ्यायची आणि दुसऱ्या मोठ्या तक्त्यावर योग्य त्या चौकटीत एकेका माणसासाठी एकेक रेघ ओढायची. शेवटी रेघा मोजायच्या. त्या गणनेचे शेवटचे खंड छापून यायला १८८८ उजाडलं.

इथे लोक म्हणतात, की काम हळू चालत होतं म्हणून यंत्र आलं. ते खरं आहे, पण अर्धंच. खरी अडचण रेघेत होती. रेघ ओढली की माणूस हरवतो. तक्त्यावर ‘परदेशात जन्मलेले पुरुष’ या चौकटीत चारशे रेघा आहेत. आता कुणी विचारलं, की यांतले सुतार किती आणि त्यांतले विवाहित किती, तर त्या चारशे रेघा काहीच सांगू शकत नाहीत. पुन्हा पहिल्या पत्रकापासून सुरुवात. नवा प्रश्न म्हणजे नवी मोजणी. माझ्या मते पंच कार्डाची सगळी गोष्ट या एका अडचणीभोवती फिरते, आणि वेगाच्या कौतुकात नेमकी तीच विसरली जाते.

या अडचणीवर तोडगा काढणारा हर्मन हॉलरिथ १८६० साली न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरात जन्मला. आईबाप जर्मनीहून आलेले. कोलंबियाच्या खाणकाम विद्यालयातून १८७९ मध्ये पदवी घेऊन तो खानेसुमारीच्या कचेरीत लागला. तिथे जन्ममृत्यूच्या आकडेवारीचं काम जॉन शॉ बिलिंग्ज या लष्करी डॉक्टरकडे होतं. एका रविवारी संध्याकाळी त्यांच्या घरी चहाफराळ चालू असताना बिलिंग्जनी विषय काढला, की या निव्वळ यांत्रिक मोजदादीसाठी एखादं यंत्र असायला हवं. माणसाचा तपशील कार्डावर कडेला खाचा पाडून नोंदवता येईल, अशीही त्यांची कल्पना होती. हॉलरिथनं पुढे हे मोकळेपणानं सांगितलं आहे. भागीदारीबद्दल विचारलं तेव्हा बिलिंग्जना त्यात रस नव्हता. प्रश्न सुटला म्हणजे झालं, एवढंच त्यांचं म्हणणं. तेव्हा ‘एकट्या माणसाच्या डोक्यातून निघालेला शोध’ ही कथा जरा सैल करून ऐकावी.

मागाची नक्कल हाही समज असाच अर्धवट. फ्रान्समध्ये जॅकार्डचा माग १८०० नंतर लगेचच आला. भोकांच्या कार्डांची माळ त्यात फिरायची आणि कोणता धागा उचलायचा ते ठरवायची. त्याच्याही आधी, १७२५ च्या सुमारास, बुशोंनं भोकं पाडलेला कागदाचा पट्टा मागाला जोडला होता. म्हणजे भोकाचा मान हॉलरिथचा नाहीच. पण मागावरचं कार्ड हुकूम सोडतं: हा धागा उचल, तो सोड. हॉलरिथचं कार्ड कुणाला काही करायला सांगत नाही. ते एका माणसाची हकिगत धरून ठेवतं.

त्याची स्वतःची आठवण रेल्वेची आहे. पश्चिमेकडच्या एका प्रवासात त्यानं पाहिलं, की तिकीट तपासनीस तिकिटावर चिमट्यानं भोकं पाडून प्रवाशाचं वर्णनच नोंदवतोय: केस फिके की काळे, डोळ्यांचा रंग कोणता, नाक मोठं की बेताचं. दुसऱ्याच्या तिकिटावर कुणी फुकट जाऊ नये म्हणून केलेली युक्ती. आपल्याकडच्या टीसीच्या चिमट्यानं एवढी कामगिरी कधी केल्याचं ऐकिवात नाही.

तरी त्याची पहिली कल्पना कार्डाची नव्हती. १८८४ मध्ये पेटंटचा अर्ज केला तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे कागदाची लांब पट्टी होती, एकापाठोपाठ एक माणूस नोंदलेली. मग त्याच्या लक्षात आलं, की मोजक्या चिनी रहिवाशांची आकडेवारी हवी असेल तर मैलोन्‌मैल पट्टी यंत्रातून ओढावी लागेल. पट्टीतला माणूस वेगळा काढता येत नाही. कार्डातला येतो, कार्डं पत्त्यांसारखी पिसता येतात, लावता येतात, चार बाजूला काढून पुन्हा मिसळता येतात. पट्टी गेली आणि कार्ड आलं ते यासाठी.

बॉल्टिमोरच्या मृत्युनोंदींवर त्यानं पहिले प्रयोग केले, तेही तिकिटाच्या चिमट्यानंच. चिमट्याचा जबडा आखूड, म्हणून भोकं फक्त कार्डाच्या कडेला पाडता यायची. त्या काळातलं घरच्यांचं एक पत्र सांगतं, की दिवसाला हजार कार्डं आणि प्रत्येकावर डझनभर भोकं पाडून त्याचा दंड भरून येत असे. पुढे त्यानं पट्टीवर दांडी फिरवून कार्डावर हवं तिथे भोक पाडणारं पंचिंग यंत्र केलं, त्याचं मूळ मला त्या दुखऱ्या दंडात दिसतं.

१८८९ मध्ये खानेसुमारीच्या कचेरीनं तीन पद्धतींची चाचणी घेतली. सेंट लुईस शहरातल्या १०,४९१ माणसांची जुनी पत्रकं सगळ्यांना दिली. एक हंट, रंगीत शाईच्या चिठ्ठ्या वापरणारे. दुसरे पिजिन, रंगीत चिपांचे. तिसरा हॉलरिथ. माहिती उतरवून घ्यायला हॉलरिथला ७२ तास २७ मिनिटं लागली, पिजिनना ११० तास ५६ मिनिटं, हंटना १४४ तास २५ मिनिटं. मग मोजणी: हॉलरिथ ५ तास २८ मिनिटं, पिजिन ४४ तास ४१ मिनिटं, हंट ५५ तास २२ मिनिटं.

या आकड्यांत दोन गोष्टी दडल्या आहेत. तिघेही ‘एक माणूस, एक चिठ्ठी’ याच वाटेनं चालले होते, ती वाट काही हॉलरिथची खाजगी नव्हती. त्याचं वेगळेपण एवढंच, की त्याची चिठ्ठी डोळ्यांऐवजी यंत्राला कळत होती. आणि दुसरं, त्याच्या ७८ तासांतले ७२ भोकं पाडण्यात गेले! यंत्रानं माणसाचं काम संपवलं म्हणणाऱ्यांनी ही बेरीज बघावी. मोजणी झटपट झाली, कष्ट मात्र एक पायरी मागे सरकले, भोकं पाडणाऱ्यांच्या टेबलावर. १८९० च्या कचेरीत त्या टेबलांवर बऱ्याच स्त्रिया होत्या.

यंत्र कार्ड ‘गिळायचं’ आणि उत्तर ‘बाहेर टाकायचं’ हे चित्रही नंतरचं. १८९० मधलं टेबल असं होतं: समोर दाबाचा एक साचा, त्याच्या वरच्या झाकणात स्प्रिंगवर बसवलेल्या पिना, खालच्या बाजूला प्रत्येक पिनेसमोर पाऱ्याची इवलीशी वाटी. बाई एक कार्ड हातानं साच्यात ठेवणार आणि दांडी खाली ओढणार. जिथे कागद आहे तिथे पिन अडणार. जिथे भोक आहे तिथे ती आरपार जाऊन पाऱ्यात बुडणार, वीजमंडल पुरं होणार आणि समोरच्या चाळीस तबकड्यांपैकी नेमक्या तबकडीचा काटा एक घर पुढे सरकणार. घंटी वाजली म्हणजे कार्ड नीट लागलं. शेजारच्या पेटीत एका खणाचं झाकण आपोआप उघडणार, त्यात कार्ड टाकून झाकण हातानं बंद करायचं. पुढचं कार्ड. वर्गवारी यंत्र सुचवायचं, करायचा माणूसच. आपोआप कार्ड ओढणारी आणि वर्गवारी लावणारी यंत्रं १९०० च्या आसपास आली. छाटलेला कोपरा कशासाठी, तर गठ्ठ्यात एखादं कार्ड उलटं शिरलं तर कडेवर हात फिरवताच कळावं म्हणून. वर्गवारी बरोबर झाली का, हे बघायला गठ्ठ्याच्या सामाईक भोकातून सरळ एक तार घालायची. अडली की चुकलं.

एक गंमत सांगितली जाते. कुणाला विश्रांती हवी झाली, की ड्रॉपरनं वाटीतला पारा काढून पिकदाणीत टाकायचा. यंत्र बंद. पारा येईपर्यंत निवांत.

आता सगळ्यात लाडका गैरसमज: ‘कार्डांमुळे १८९० ची लोकसंख्या सहा आठवड्यांत कळली.’ आकडा खरंच झटकन आला, सुमारे सहा कोटी २६ लाख. पण त्या घाईच्या मोजणीत कार्डं वापरलीच नव्हती. प्रत्येक कुटुंबात माणसं किती, एवढंच कळांच्या यंत्रावर दाबून बेरीज केली होती. कार्डं पाडणं नंतरचं काम. आकडा ऐकून देश नाराज झाला, कारण साडेसहा कोटींच्या वर जाऊ अशी पुष्कळांची खात्री होती. वर्तमानपत्रांनी दोष यंत्रांना दिला. आणि सगळं काम वर्षभरात उरकलं हेही खरं नाही. शेवटचे खंड बाहेर पडेपर्यंत ते दशक सरत आलं. खर्च १८८० च्या सुमारे ५८ लाख डॉलरवरून १ कोटी १५ लाखांवर गेला, म्हणजे जवळजवळ दुप्पट झाला. कारण उघड आहे. पुन्हा विचारणं स्वस्त झालं, म्हणून प्रश्न वाढले. वय, वंश, जन्मस्थान, व्यवसाय, आईवडलांचा देश हे एकमेकांशी ताडून बघायची सोय पूर्वी कुणाला परवडत नव्हती.

कार्डावर नाव नसायचं, हे मात्र लक्षात ठेवायला हवं. नुसता क्रमांक असायचा, मूळ पत्रकाकडे बोट दाखवणारा. जानेवारी १९२१ मध्ये वॉशिंग्टनला वाणिज्य खात्याच्या इमारतीत आग लागली आणि १८९० ची बहुतेक पत्रकं कामातून गेली. अमेरिकेत पणजोबा शोधणारे लोक अजून त्या आगीच्या नावानं बोटं मोडतात. कार्डं जपली असती तरी त्यांच्या हाती पणजोबा लागले नसते.

बाकीचे समज किरकोळ. कार्डाचं माप डॉलरच्या नोटेवरून घेतलं म्हणतात. १८९० चं कार्ड लांबीला सहा आणि पाच अष्टमांश इंच होतं, तेव्हाची नोट त्याहून लांब. नोटेशी जवळपास जुळतं ते पुढचं, सात आणि तीन अष्टमांश इंचांचं कार्ड. आयबीएम हॉलरिथनं काढली, हेही सरळ खरं नाही. त्याची टॅब्युलेटिंग मशीन कंपनी १८९६ ची. १९११ मध्ये चार्ल्स फ्लिंटनं ती वजनकाटे आणि हजेरीची घड्याळं करणाऱ्या कंपन्यांबरोबर एकत्र केली, १९१४ मध्ये टॉमस वॉटसन आले आणि आयबीएम हे नाव पडलं १९२४ मध्ये.

हॉलरिथची यंत्रं अमेरिकेत माणसं मोजत होती, त्या सुमारास हिंदुस्थानात काय चाललं होतं? १९०१ च्या गणनेत इथेही प्रत्येक माणसासाठी एक चिठ्ठी ही पद्धत आली. मुंबई इलाख्यातलं काम आर. ई. एन्थोव्हन यांच्याकडे होतं. चिठ्ठीच्या कागदाचा रंग धर्म सांगायचा, आणि बाई की पुरुष, लग्न झालंय की नाही, हे त्यावरच्या छापील खुणांवरून कळायचं. पत्रकावरून बाकीचा मजकूर कारकून चिठ्ठीवर उतरवायचा. मग मोठ्या खणांच्या फडताळासमोर बसून चिठ्ठ्या खणांत टाकायच्या, खण रिकामा करून गठ्ठा मोजायचा, आणि पुढच्या प्रश्नासाठी त्याच चिठ्ठ्या पुन्हा वेगळ्या खणांत टाकायच्या. विजेची तार नाही, पारा नाही, घंटी नाही. एकोणतीस कोटी चव्वेचाळीस लाखांच्या आसपास माणसं अशी खणांतून फिरली.