उत्तर जनुकांत सापडत नाही

अमेरिकेत २०२३ साली दर एक लाख जिवंत जन्मांमागे १४.५ गोऱ्या माता दगावल्या. कृष्णवर्णीय मातांमध्ये हाच आकडा ५०.३ होता. तो वाचला की प्रश्न हमखास येतो: हे त्यांच्या रक्तातच असेल का?

शिकागोच्या रिचर्ड डेव्हिड आणि जेम्स कॉलिन्स या नवजात शिशुतज्ज्ञांनी बाळांच्या वजनाबाबत हाच प्रश्न तपासून १९९७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. इतकं देखणं संशोधन आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही, याची हळहळ वाटते. त्यांचा तर्क असा: दोष जनुकांचा असेल, तर थेट आफ्रिकेतून आलेल्या स्त्रियांची बाळं सर्वांत हलकी भरायला हवीत, कारण अमेरिकेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या कृष्णवर्णीयांत युरोपीय वंशाची सरमिसळ झालेली आहे. मग त्यांनी इलिनॉय राज्याच्या जन्मनोंदी काढल्या. अमेरिकेत जन्मलेल्या गोऱ्या मातांच्या बाळांचं सरासरी वजन ३,४४६ ग्रॅम, आफ्रिकेत जन्मलेल्या मातांच्या बाळांचं ३,३३३ आणि अमेरिकेतच जन्मलेल्या कृष्णवर्णीय मातांच्या बाळांचं अवघं ३,०८९! म्हणजे बाधतं ते अमेरिकेत कृष्णवर्णीय म्हणून वाढणं.

दवाखान्यातही ते पाठ सोडत नाही. सप्टेंबर २०१७मध्ये सिझेरियननंतर दुसऱ्याच दिवशी कृष्णवर्णीय टेनिसपटू सेरेना विल्यम्सला धाप लागली. रक्ताच्या गाठींचा त्रास तिला पूर्वीपासून होता. सीटी स्कॅन करा, रक्त गोठू न देणारं हेपारिन द्या, असं तिने स्वतः सांगितलं. नर्सला वाटलं, वेदनाशामकांमुळे ती गोंधळलीय. डॉक्टरांनी आधी पायांची सोनोग्राफी केली. त्यात काही निघालं नाही. शेवटी स्कॅन झाला, तेव्हा फुप्फुसांत गाठी दिसल्या. जगज्जेत्या खेळाडूला इतकं झगडावं लागतं, तर बाकीच्यांचं काय?

संस्कृतीची जाण ठेवणारी आरोग्यसेवा हवी ती इथेच. तिचा नमुना जॉर्जिया राज्यात होता. ऑल्बनीच्या मेरी कोली या कृष्णवर्णीय सुईणीने तीन हजारांहून अधिक बाळंतपणं केली. राज्याच्या आरोग्य खात्याने १९५३ साली तिच्यावर प्रशिक्षणपट काढला. त्यात ती घरोघर जाते, खोली स्वच्छ करवते आणि दवाखान्यात जायला कुरकुरणाऱ्या बाईला तपासणीसाठी तयार करते. विज्ञान आणि विश्वास तिच्या हातून एकत्रच घरात शिरत. पुढे कायदे कडक होत गेले आणि अशा सुईणी बाजूला पडल्या. वैद्यकाच्या इतिहासात त्यांना मानाचं पान मिळायला हवं.

आज अमेरिकेतल्या काही राज्यांत मेडिकेड या सरकारी आरोग्यविम्यातून डुलांना, म्हणजे प्रसूतीत सोबत करणाऱ्या प्रशिक्षित स्त्रियांना, मोबदला मिळतो. हे चांगलंच आहे, पण सोबतीण दिली म्हणून रुग्णालयाची जबाबदारी संपत नाही. गर्भारपणाशी निगडित ८० टक्क्यांहून अधिक मृत्यू टाळता येण्याजोगे असतात, असं तिथल्या मृत्यू-आढावा समित्याच सांगतात. तेव्हा बाळंतिणीने ‘दम लागतोय’ म्हटलं, की तेही रक्तदाबाच्या आकड्यासारखं केसपेपरवर वेळेसह नोंदलं जावं आणि त्यावर काय केलं, याचा जाब विचारला जावा.