बास गिटारची दांडी खोक्याच्या लाकडातून?

चाकणच्या कारखान्यांत परदेशी यंत्रे पाइनच्या खोक्यांतून येतात. हे लाकूड स्वस्त. त्यातून बास गिटारची वाकलेली दांडी नव्याने घडविण्याचा मोह हौशी वादकाला होऊ शकतो. तो आवरावा. चार जाड तारांचा मिळून सुमारे ७०-८० किलोंचा ताण इतके मऊ लाकूड फार काळ सोसत नाही.

त्यापेक्षा वखारीतून मुरलेले सागवान घ्यावे. एकाच फळीच्या उभ्या पट्ट्या चिरून, एकाआड एक उलट्या फिरवून जोडल्या, की पावसाळ्यात एकीचा पीळ दुसरी अडविते. सागवान तेलकट असते, म्हणून रंधा मारल्याबरोबर चिकटवावे. मध्ये पोलादी सळई हवीच. मापात मात्र तडजोड नाही : तारेची लांबी ३४ इंच असेल, तर बारावा पडदा नटपासून नेमका १७ इंचांवर बसला पाहिजे.